खालचा थर

आमच्या गावच्या एसटी स्टँडामागे एक लांब भिंत आहे. निवडणूक आली की तिच्यावर चिन्हं उमटतात. पत्र्याचा छाप भिंतीला टेकवायचा, रंगाचा बोळा वरून थोपटायचा, छाप उचलायचा आणि दोन पावलं पुढे सरकायचं. एक पोरगा दुपारपर्यंत अख्खी भिंत भरून टाकतो. मग आचारसंहिता लागते आणि कुणीतरी येऊन चुन्याचा हात मारून जातं. चुन्यावर क्लासवाल्यांची जाहिरात येते, तिच्यावर मूळव्याधीच्या औषधाची, पुन्हा चुना, पुन्हा चिन्हं. आणि मग पाऊस. जुलै संपेपर्यंत चुना जागोजागी उतरतो आणि आतलं बाहेर यायला लागतं. पडलेल्या उमेदवाराचं चिन्ह निवडून आलेल्याच्या चिन्हाच्या पोटातून वर येतं, शेजारी ‘दहावी’तला ‘द’ एकटाच लटकत असतो, आणि या सगळ्यावर एक धुरकट पांढरा पडदा. गाडीची वाट बघत मी ती भिंत इतकी वर्षं बघत आलो आहे की चित्रकलेतले निम्मे धडे मला तिने दिले. उरलेले निम्मे माझ्या चुकांनी.

हे पुस्तक ॲक्रिलिक रंग आणि स्टेन्सिल, म्हणजे छाप, वापरून थरांची चित्रं कशी करावीत याबद्दल आहे. प्रदर्शनात अशा चित्राखालच्या चिठ्ठीवर ‘मिश्र माध्यम’ असं लिहिलेलं असतं. नाव भारदस्त आहे, पण त्याचा अर्थ इतकाच की रंगाच्या जोडीला कागद, कापड, वाळू, शाई, जे हाताला लागलं ते चित्रात आलं. हल्ली या प्रकाराच्या कार्यशाळा गावोगावी भरतात, मीही घेतो. पहिल्याच तासाला हमखास विचारलं जातं, “सर, किती थर द्यायचे?” गोविंदा पथकाला विचारावं तसं. माझं उत्तर ठरलेलं आहे. शेवटचा थर देऊन झाला की पहिला थर कुठेतरी दिसला पाहिजे. मधले दोन असोत नाहीतर वीस. पुढच्या पानांत जे काही सांगितलं आहे, ते याच एका अटीभोवती फिरतं.

थर द्यायला आपला हात कचरतो, याला कारण शाळेतले पोस्टर कलर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा. संकल्पचित्रात निळ्या पट्टीवर पिवळं फूल काढायला जावं, तर ओल्या ब्रशने खालचा निळा जागा होतो आणि फूल हिरवट होऊन बसतं. पोस्टर कलरमधला चिकटा वाळला तरी पाणी लागताच पुन्हा सुटतो. म्हणून एकदाच लाव, नीट लाव, पुन्हा हात लावू नकोस, ही शिस्त आपल्या हाडात भिनलेली असते. चाळिशीतली माणसंसुद्धा माझ्या वर्गात दुसरा हात मारताना बाईंकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात.

ॲक्रिलिकचा स्वभाव वेगळा आहे. या रंगात ॲक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, दुधात लोण्याचे कण तरंगावेत तसे. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना भिडतात, चिकटतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. पॅलेटवर रात्रभर राहिलेला रंग सकाळी सायीसारखा सोलून निघतो तो यामुळे. पापुद्रा एकदा धरला की पाण्याने तो सुटत नाही. खालचा थर झोपला तो झोपला, वर काहीही करा. तुलना दुधाशी केली त्याला आणखी एक कारण आहे. रंग पातळ करायला जे मीडियम मिळतं ते ओलं असताना दुधासारखं पांढरं असतं आणि वाळल्यावर काचेसारखं पारदर्शक होतं. त्यामुळे प्रत्येक रंग वाळल्यावर एक पायरी गडद होतो. ओल्या रंगावर विश्वास ठेवून पुढचा थर ठरवू नये, हे मी दर कार्यशाळेत सांगतो आणि दर कार्यशाळेत निम्मे लोक ठेवतात.

या माध्यमाची गंमत अशी की त्यातलं जवळजवळ सगळं कामकरी माणसांकडून आलं आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीने घराच्या भिंतींच्या रंगासाठी पाण्यातलं ॲक्रिलिक मिश्रण बाजारात आणलं. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, सिनसिनाटीच्या हेन्री लेव्हिसन यांनी चित्रकारांसाठी ‘लिक्विटेक्स’ काढला. त्याआधी, चाळीसच्या दशकाच्या शेवटी, न्यूयॉर्कमध्ये ‘मॅग्ना’ नावाचा ॲक्रिलिक रंग मिळू लागला होता, पण तो टर्पेंटाइनने पातळ करावा लागे. त्याच्याही मागे गेलं तर मेक्सिकोचा भित्तिचित्रकार सिकेरोस भेटतो. त्याने १९३६ मध्ये न्यूयॉर्कला एक प्रयोगशाळाच काढली होती. तिथे मोटारींना मारायचा ड्युको रंग, स्प्रे गन, स्टेन्सिल, वाळू, सगळं एकाच चित्रात चाले. तिथे येणाऱ्या तरुणांत चित्रकार जॅक्सन पोलॉक होता.

स्टेन्सिलचंही तेच. चित्रकार जॉर्ज ब्राकचे वडील आणि आजोबा घरं रंगवण्याचा धंदा करत आणि तो स्वतःही ते काम शिकला होता. १९११च्या सुमारास ‘पोर्तुगीज माणूस’ या चित्रात त्याने छापाने अक्षरं उठवली, तेव्हा पॅरिसच्या रसिकांना तो धाडसी प्रयोग वाटला. ब्राकला मात्र दुकानांच्या आणि खोक्यांच्या पाट्या आठवत असणार. रस्त्यावरच्या स्टेन्सिलसाठी जगभर गाजलेला बँक्सी सांगतो, पोलिसांपासून लपून तो एका ट्रकखाली पडून होता, वर बघितलं तर ट्रकच्या पोटावर छापाने मारलेला नंबर. तेव्हापासून त्याने छाप धरला. खरं-खोटं तो जाणे, गोष्ट झकास आहे.

आपल्याकडे तर छाप घरातच होता. दिवाळीत दारासमोर लक्ष्मीची पावलं उमटवायचा रांगोळीचा छाप, पोत्यांवरचे मार्के, विजेच्या खांबांवरचे आकडे. आंब्याच्या लाकडी पेटीवर बागायतदाराचं नाव काळ्या रंगात उठवलेलं असायचं, कडा थोड्या फिसकटलेल्या, एखादं अक्षर अर्धवट. आता पुठ्ठ्याचे छापील खोके आले. आंबा तोच आहे म्हणतात. ‘खाका’ हा शब्द आपण आराखडा या अर्थाने सहज वापरतो. मूळ फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ. जुने लघुचित्रकार चित्राच्या रेषेवर सुईने भोकं पाडत आणि त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटत. खाली ठिपक्यांची रेषा उमटे. ब्लाउजवर आरीवर्क करणारे कारागीर आजही नक्षीचा खाका असाच कापडावर उतरवतात, पूड तेवढी बदलली आहे. मथुरा-वृंदावनच्या सांझी या छापकलेत कागद इतका बारीक कातरतात की तो हातात धरायची भीती वाटते. आणि अगदी मुळाशी जायचं तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर गुहेच्या भिंतीला कुणीतरी हात टेकवला आणि भोवती रंग फुंकला. तो हात किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा आहे असं २०१४ मध्ये सिद्ध झालं. हात निघून गेला, हाताची जागा राहिली. स्टेन्सिलचं सगळं शास्त्र त्यात आलं.

स्टेन्सिल झाकतो. त्याच्या भोकांतून रंग जातो याकडेच सगळ्यांचं लक्ष असतं, पण कामाचा भाग तो जिथे रंग जाऊ देत नाही तिथे आहे. डेव्हिड हॉकनीचं १९६७ चं ‘अ बिगर स्प्लॅश’ हे चित्र आठवा. कॅलिफोर्नियातलं ऊन, एक घर, जलतरण तलाव, कुणीतरी नुकतीच उडी मारली आहे. घर, आकाश, पाणी यांचे सपाट भाग त्याने ॲक्रिलिकमध्ये रोलरने रंगवले आणि कडा सरळ याव्यात म्हणून मास्किंग टेप लावली. टेप म्हणजे सरळ रेषेचा स्टेन्सिलच. उडालेलं पाणी मात्र बारीक ब्रशने केलं आणि त्याला सुमारे दोन आठवडे लागले. दोन सेकंदांत संपणारी गोष्ट. टेप झटकन लावायची आणि वेळ कुठे घालवायचा ते आपण ठरवायचं, हा हिशोब मला फार आवडतो.

आता छाप कापण्याबद्दल थोडं, कारण तयार छाप वापरण्यापेक्षा माझा भर त्यावर आहे. देवनागरीचा छाप कापताना पहिली फजिती ‘म’ करतो. ‘म’च्या पोटातला चौकोनी तुकडा चहूबाजूंनी कापला जातो, वर शिरोरेखा, खाली आडवी रेघ, दोन्हीकडे दांडे, आणि शेवटची रेघ पूर्ण झाली की तो टपकन खाली पडतो. ‘प’चं तेच, ‘व’चं तेच. ‘ग’ आणि ‘र’ मात्र खालून उघडे असल्यामुळे निभावून जातात. म्हणून अशा अक्षरांत मध्ये बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात, पूल म्हणा हवं तर. ट्रकवरच्या अक्षरांना जागोजागी जे काप दिसतात ते हेच पूल. जपानी कारागीर यावर वेगळा उपाय करत. तुतीच्या सालीचे कागद पर्सिमॉन फळाच्या रसाने एकमेकांवर चिकटवून ते छाप कापत आणि मधले सुटे तुकडे रेशमाच्या धाग्यांच्या जाळीवर तोलून धरत. आपल्याला इतकं जमायचं नाही आणि गरजही नाही. पूल दिसू द्यावेत. त्यांच्यामुळेच छापाचं अक्षर छापाचं दिसतं.

कापायला ओएचपी शीट चालते, पण माझ्या मते जुन्या एक्स-रेसारखी वस्तू नाही. पातं त्यावर घसरत नाही, कड स्वच्छ येते, धुतला की पुन्हा तयार. माझ्याकडे सगळ्यात जास्त वापरलेला छाप आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेचा आहे. तिला दाखवला तर म्हणाली, “बरं झालं, कुठेतरी वाकतोय.”

आणि न कापताही पुष्कळ मिळतं. एका कार्यशाळेला बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आल्या होत्या. इतरांनी आणलेले फुलपाखरांचे, मंडलांचे छाप बघून त्या जरा ओशाळल्या, मग पिशवीतून हळूच पुरणयंत्राची चकती काढली. “हे चालेल का हो सर?” ठिपक्यांची इतकी नेमकी जाळी मी विकतच्या छापात पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात चकलीच्या सोऱ्याची चांदणी आली, किसणी आली, कांद्याच्या पोत्याची लाल जाळी आली, झारा आला. या पुस्तकातला चौथा भाग बहुतेक त्या काकूंचा आहे. एकच विनंती, रंगात गेलेली चकती पुन्हा पुरणाला लावू नका.

आता एक चित्र जवळून बघू. बारा इंची चौकोनी फळी, तिला जेसोचे दोन हात. जेसो म्हणजे पांढरं अस्तर, त्यात खडूसारखी पूड असते म्हणून वरचा रंग धरून बसतो. त्यावर आजोबांच्या दुकानाच्या खतावणीचं एक पान. मूळ पान नव्हे, त्याचं झेरॉक्स. मूळ पान चिकटवून टाकणं पाप आहे, आणि प्रिंटरच्या शाईचं छापलेलं पान मीडियम लागताच बहुधा पसरतं, झेरॉक्सची काळी पूड पसरत नाही. वर्तमानपत्र टाळलं, कारण त्यातल्या लिग्निनमुळे ते पिवळं पडतं. चिकटवायला ॲक्रिलिक मॅट जेल. कागदाच्या खाली आणि वर दोन्हीकडे, नाहीतर फुगे येतात. मोडीतली अक्षरं, आकड्यांचे रकाने, सगळं दिसतं आहे. त्यावर गेरूचा पातळ हात, मीडियममध्ये कालवून. अक्षरं आता तांबड्या पाण्याच्या तळाशी गेल्यासारखी. मग सोऱ्याची चकती ठेवून तिच्यातून संगमरवराची पूड घातलेली पेस्ट पसरली आणि ओली असतानाच चकती सरळ वर उचलली. उंच उठलेल्या चार चांदण्या. चकती लगेच पाण्यात. वाळल्यावर पॅलेटवर पेस्ट सायीसारखी सोलते, पण सोऱ्याच्या भोकात सिमेंटसारखी बसते.

रात्रभर वाळू दिलं. बोटाला कोरडा लागला म्हणजे थर आतून कोरडा झाला असं समजायचं नाही, जाड थर दिवसचे दिवस घेतो. सकाळी त्यावर निळा, पारदर्शक. इथे ट्यूबकडे बघायची सवय लावून घ्या. पुष्कळ कंपन्यांच्या ट्यूबवर एक छोटा चौकोन असतो. रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर झाकणारा, अर्धा असेल तर मधला. थॅलो निळा रिकाम्या चौकोनाचा, टायटॅनियम पांढरा भरलेल्या. थरांच्या चित्रात माझ्या लेखी रंगाच्या नावापेक्षा हा चौकोन मोलाचा. गेरूवर पातळ निळा गेला की करडा-जांभळा असा एक रंग मिळतो जो पॅलेटवर कालवून मिळत नाही. पॅलेटवर ते दोन्ही मिसळले तर चिखल होतो. इथे ते मिसळत नाहीत, एकातून दुसरा दिसतो.

आता चित्र छान दिसायला लागलं होतं, आणि इथेच बहुतेक जण थांबतात. सही करून फोटो काढतात. मी त्यावर मळकट पांढऱ्याचा थर फिरवला, जवळजवळ सगळीकडे. वर्गात हे केलं की कुणीतरी “अरेरे” म्हणतंच. पांढरा ओला आहे तोवर पुरणयंत्राची चकती त्यावर ठेवली आणि ओल्या फडक्याने भोकांतून तो पुसून काढला. खालचा निळा-तांबडा ठिपक्याठिपक्याने वर आला. रंग लावण्याऐवजी रंग काढणारा स्टेन्सिल. चित्र तिथे सुरू झालं. उरलेल्या पांढऱ्यात दोन जागा पाण्यात भिजवलेल्या चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या. एक जागा वाळून घट्ट बसली होती, ती हॅंड सॅनिटायझरने मोकळी केली. अल्कोहोलने वाळलेलं ॲक्रिलिक सैल पडतं आणि २०२० पासून घराघरात सॅनिटायझरच्या बाटल्या पडून आहेत. त्या मोकळ्या झालेल्या खिडकीतून खतावणीतला एकच आकडा दिसू लागला. तीन, आणि त्यापुढे एक उभी रेघ. जुन्या पद्धतीने सव्वातीन रुपये. कुणाकडून येणे होते, वसूल झाले की नाही, ते नाव पांढऱ्याखाली राहिलं. चित्रात आता तेवढंच वाचता येतं.

असं झाकायला हात धजत नाही, हे मला माहीत आहे. जिथे कष्ट घेतले तिथेच चुना मारायचा. वासुदेव गायतोंडे यांची चित्रं प्रत्यक्ष पाहायला मिळाली तर जरूर पाहा, छापील पानावर ती अर्धीच पोचतात. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले, जे.जे.मध्ये शिकलेले गायतोंडे काम तैलरंगात करत, ॲक्रिलिकमध्ये नव्हे. पण रोलरने थर द्यायचा, नाइफने काढायचा, फाटक्या कागदाच्या तुकड्यांनी रंग उतरवायचा आणि उचलायचा, पुन्हा झाकायचं, आणि वाळायला तैलरंग लावतो तेवढा वेळ वाट बघायची. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं व्हायची. त्या पृष्ठभागांत खोल कुठेतरी उजेड असल्यासारखा वाटतो तो त्या झाकण्यातून आलेला आहे. ॲक्रिलिक आपल्याला तीच कृती अर्ध्या तासात करू देतं. त्यातला धोका उघड आहे. थर वाळायची वाट बघता बघता माणूस विचार करतो, आणि ती वाट आता संपली. हेअर ड्रायर बंद ठेवा, असं मी सांगतो. रंगाच्या दृष्टीनेही बरं, फार उष्ण हवेने जाड थराला फोड येतात.

माझी तक्रार तयार छापांबद्दल आहे. बुद्धाचा शांत चेहरा, मोरपीस, उडत जाणारे पक्षी, इंग्रजीतलं एखादं सुवचन. हे छाप वाईट कापलेले नसतात, उलट फार सफाईदार असतात. पण त्यांतलं चित्र आधीच पूर्ण झालेलं असतं. तुम्ही फक्त त्याला पार्श्वभूमी पुरवता. अशी चाळीस चित्रं एका भिंतीवर लागली की चाळीस माणसांनी एकच चित्र काढलेलं दिसतं. विकत घेतलेच असतील तर फेकू नका. एकात एक सरकवून, उलटे करून, अर्धे टेपने झाकून वापरा, पक्ष्याचा पंख पक्षी म्हणून ओळखू येणार नाही इतपत. चित्रकार मातीसनेही ‘जॅझ’ पुस्तकात स्वतःच्या कातरकामावरून स्टेन्सिलने छापलेली वीस चित्रं १९४७ मध्ये प्रसिद्ध केली, रंग तेच, आकार तेच, आणि तरी तो नाराज होता. कागदावर कागद चिकटवल्याची जी उंचसखल कड होती ती छपाईत सपाट झाली. पुस्तक जगप्रसिद्ध झालं, पण नाराजी रास्त होती.

माझ्याकडून झालेला एक घोटाळाही इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा टळेल. एका मे महिन्यात विदर्भातल्या एका प्रदर्शनाला चित्र पाठवायचं होतं. मी ते प्रेमाने बबल रॅपमध्ये गुंडाळलं, फुगे आतल्या बाजूला, आणि गाडीच्या टपावरून रवाना केलं. ॲक्रिलिकचा पापुद्रा उष्णतेने मऊ पडतो आणि दाब दिला तर तो दाब लक्षात ठेवतो. उघडलं तेव्हा आकाशाच्या सपाट निळ्या भागावर एका मापाच्या गोलांच्या रांगाच रांगा उमटलेल्या. प्रेक्षकांत एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, “हे टेक्श्चर कशाने आणलं?” मी प्रवासाने म्हणालो. तेव्हापासून चित्राला आधी गुळगुळीत बटर पेपर, मग बाकी सगळं. पावसाळ्यात तर दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवायचेच नाहीत. एकदा चिकटले की सोडवताना दोघांचंही नाक जातं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल फार सांगत नाही. पहिले तीन भाग रंग, पृष्ठभाग आणि चिकटवण्याचे, ते चाळून पुढे गेलात तरी चालेल, अडलात की परत याल. चौथा छापांचा. पाचवा, ‘पुसणे’, सगळ्यात मोठा आहे आणि तो मुद्दाम मोठा आहे. छापाच्या कडेखाली रंग पळतो, ही सगळ्यांची पहिली रड असते. त्याचं नव्वद टक्के उत्तर म्हणजे स्पंजवर रंग कमी घ्या, रद्दीवर थोपटून तो जवळजवळ कोरडा होऊ द्या आणि स्पंज सरळ खाली-वर करा, फिरवू नका. उरलेलं दहा टक्के पाचव्या भागात आहे. सामानाची यादी छोटी ठेवली आहे. पाच रंग, एक पांढरा, एक मीडियम, एक जेल आणि जेसो. महागड्या ट्यूबऐवजी तो पैसा जाड कागदाला घाला, तीनशे ग्रॅमचा घ्या, त्याहून पातळ कागद थरांखाली पापडासारखा वळतो. रंगाचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. बादलीत गाळ बसू द्या, वरचं पाणी काढा, गाळ वाळवून कचऱ्यात टाका. शेवटी ते प्लॅस्टिक आहे.

ज्यांच्याबरोबर कार्यशाळांत हे सगळं शिकलो त्या मंडळींची नावं इथे देत नाही, त्यांनी नको म्हटलं. पुरणयंत्रवाल्या काकूंना एक प्रत आणि एक नवी चकती देणं लागतो.

पुस्तकाच्या शेवटी दोन कोरी पानं जाड कार्डाची आहेत. प्रकाशकांना ती तिथे का हवीत हे पटवायला वेळ लागला. ती तुमचा पहिला छाप कापण्यासाठी आहेत. पात्याला नवीन टोक घ्या, ‘म’ला पूल सोडा आणि कापण्याआधी पान पुस्तकातून बाहेर काढा. नमुना प्रत हातात आल्यावर मी ते काढायचं विसरलो आणि तिचं मलपृष्ठ आरपार कापलं गेलं आहे.